ड्वार्फच्या हातात कुऱ्हाडच का, आणि नेमकी कोणती?

कॉमिकमधल्या ड्वार्फला, म्हणजे कल्पित कथांतल्या बुटक्या, दणकट जमातीच्या पात्राला, तुम्ही कुऱ्हाड दिलीत आणि संपादक म्हणतात, ‘ते खाणीत राबतात म्हणून कुऱ्हाड, अशी टीप टाका.’ हेच कारण एका प्रकाशन कार्यालयाने माझ्याही माथी मारलं होतं, म्हणून लिहितोय. मी चित्रकार आहे, अभ्यासक नाही, तेवढं लक्षात घेऊन वाचा.

ती टीप अजिबात टाकू नका. खाणीत टिकाव, पहार, घण लागतात. कुऱ्हाड फार तर टेकूची लाकडं तासायला. जुन्या नॉर्स, म्हणजे उत्तर युरोपातल्या, पुराणकथांत ड्वार्फ येतात ते कारागीर म्हणून. थॉर आणि ओडिन या देवांचा हातोडा आणि भाला त्यांनीच घडवला, पण कुऱ्हाड ही काही त्यांची खूण नाही. ती दिली इंग्रजी लेखक टॉल्किनने, तीही एकदम नाही. १९३७च्या ‘द हॉबिट’ या त्याच्या कादंबरीत डाईन या ड्वार्फ सरदाराची फौज दोन्ही हातांनी पेलायचे टिकाव घेऊन येते, ड्वार्फांचा म्होरक्या थोरिन शेवटच्या लढाईत कुऱ्हाड चालवतो. पुढच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये मात्र ड्वार्फांच्या रणघोषातच कुऱ्हाडी आहेत. हेल्म्स डीपच्या लढाईत गिम्ली या ड्वार्फने मारलेल्या ४२व्या शत्रूच्या गळ्यात लोखंडी पट्टा निघतो आणि कुऱ्हाडीच्या पात्याला खाच पडते. असा बारकावा वाचणाऱ्याच्या डोक्यात घर करतो. पुढे १९७४पासून डंजन्स अँड ड्रॅगन्स आणि मग वॉरहॅमर या खेळांनी तो ठसा पक्का केला.

टॉल्किन ऑक्सफर्डला अँग्लो-सॅक्सनचे, म्हणजे जुन्या इंग्रजीचे, प्राध्यापक होते. त्यामुळे ही कुऱ्हाड उत्तरेकडच्या योद्ध्यांची, असं माझं मत. फ्रान्समधल्या बायो गावच्या मध्ययुगीन भरतकामात १०६६च्या हेस्टिंग्जच्या लढाईत इंग्लंडचा राजा हॅरल्ड याचे सैनिक तीच उगारताना दिसतात: दांडा लांब, पातं रुंद आणि पातळ.

मी तशीच काढली होती. त्या प्रकाशन कार्यालयाने ‘पातं कागदी वाटतं’ म्हणून परत पाठवली आणि दुसऱ्या चित्रकाराकडून सरपण फोडायची जाडजूड कुऱ्हाड काढून घेतली. संदर्भचित्रं पाठवली, कुणी उघडून पाहिली नाहीत. पत्रांना उत्तर नाही, मानधन अर्धंच. पैशांपेक्षा जास्त लागलं ते हे, की मुलांच्या हाती चुकीचं चित्र गेलं. लढाईत हात वेगाने फिरायला हवा, तिथे ते लोढणं कोण उचलेल?

तेव्हा हत्याराचं रेखाटन आधी लेखी मंजूर करून घ्या, मगच रंगाला हात लावा. सगळेच संपादक असे नसतात, तुमचे कदाचित ऐकतील. आणि दांडा ड्वार्फच्या छातीपर्यंतच ठेवा. त्याहून लांब काढलात तर बोगद्यातल्या प्रसंगात तो फिरवायला जागाच उरणार नाही.