स्कॅप्युलर पाठीवर राहतच नाही, काय करू?

प्रश्न : ताई, जय येशू. मी नागपूरच्या सदरला राहतो, वय २६, फील्डचा जॉब आहे, दिवसभर बाईकवर असतो. मागच्या वर्षी आजी गेली, जायच्या आधी तिनं तिचं ब्राऊन स्कॅप्युलर, म्हणजे दोन दोऱ्यांना जोडलेले लोकरीचे दोन चौकोनी तुकडे, माझ्या गळ्यात घातलं, तेव्हापासून घालून राहिलो. पण मागचा तुकडा सारखा पुढे येते आणि दोन्ही तुकडे छातीवरच लटकून राहतात. मे महिन्यात घामानं लोकर इतकी टोचत होती की पंधरा दिवस काढून पाकिटात ठेवलं होतं. काकू म्हणते, काढलं म्हणजे संपलं, आता त्याचा काही उपयोग नाही, आणि त्या पंधरा दिवसांत तुला काही झालं असतं तर? ताई, तेव्हापासून खरंच भीती बसली. आणि माझ्यावर फादरनी कधी वेगळी प्रार्थना केल्याचंही मला आठवत नाही. नेमकं घालायचं कसं?

उत्तर : बेटा, जय येशू. आधी त्या भीतीचंच बोलते, कारण तुझं पत्र वाचून मला सरकणाऱ्या तुकड्यापेक्षा तिचीच जास्त काळजी वाटली. काढलं म्हणजे संपलं असं काही नाही. आंघोळीला काढलं, दवाखान्यात एक्स-रेसाठी काढायला लावलं, उन्हाळ्यात अंगावर रॅश आली म्हणून काही दिवस ठेवून दिलं, तर परत घालायचं, बस. ज्याला एकदा रीतसर दिलंय त्यानं मधे सोडलं असलं तरी परत घालताना नव्यानं काही विधी करावा लागत नाही. काकूंना माझा नमस्कार सांग, त्या प्रेमानंच बोलल्या असतील, पण मरिया आई आपल्या लेकराला पंधरा दिवसांच्या हिशोबावर सोडून देत नाही.

आता घालायचं कसं. स्कॅप्युलर हा मुळात कपडा आहे. लॅटिनमध्ये स्कॅप्युले म्हणजे पाठीवरची खांद्याची हाडं, आणि जुन्या काळी मठातले लोक झग्यावरून एक लांब पट्टा घालायचे, मधे डोक्याला जागा, एक बाजू पुढे एक मागे, कामाच्या एप्रनसारखा, त्याला हे नाव. आजच्या इस्रायलमध्ये हैफाजवळ कार्मेल डोंगर आहे, एलिया संदेष्ट्याचा, तिथे १२व्या-१३व्या शतकात जे एकांतवासी राहत होते त्यांच्यापासून कार्मेलाइट हा मठवासीयांचा संघ सुरू झाला. परंपरा अशी की १६ जुलै १२५१ ला इंग्लंडमध्ये त्याच संघाचे संत सायमन स्टॉक यांना मरिया मातेनं दर्शन देऊन हे वस्त्र दिलं आणि हे घालून मरण पावणाऱ्याला नरकाच्या आगीपासून वाचवण्याचं वचन दिलं. त्या तारखेवर इतिहासकारांचा वाद आहे, लेखी माहिती बरीच नंतरची आहे, ते मी लपवत नाही. पण त्या लांब पट्ट्याचंच छोटं रूप म्हणजे आपले हे दोन चौकोनी तुकडे आणि दोन दोऱ्या, म्हणून एक तुकडा छातीवर, एक पाठीवर, आणि दोन्ही खांद्यांवर एकेक दोरी. दोन्ही तुकडे पुढे घेतले तर ते सदरा अंगात न घालता मफलरसारखा गळ्यात गुंडाळल्यासारखं होते. आणि पाकिटात ठेवलं तर ते जवळ बाळगणं झालं, घालणं नाही झालं.

सरकते काऊन, तर बहुतेक दोरी लांब आहे. दोन्ही दोऱ्यांना खांद्यापाशी सारखी एकेक गाठ मारून लांबी कमी कर, मागचा तुकडा दोन फऱ्यांच्या मधे आला पाहिजे. दुसरं म्हणजे, आणि हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं, स्कॅप्युलर अंगाला लागलंच पाहिजे असा काही नियम नाही. कॉटनच्या बनियनवरून घाल आणि वरून शर्ट. लोकर टोचणार नाही, घाम बनियन पिईल, आणि मागचा तुकडा आतून एका छोट्या सेफ्टी पिनेनं बनियनला लावला की बाईकवर कितीही वारा लागला तरी पुढे येणार नाही. बाया ब्लाऊजला आतून तशीच पिन लावतात, मीपण लावते. तरीही कधी सरकलं तर सरकलं, हात मागे नेऊन नीट करायचं, त्यात पाप नाही की अपशकुन नाही.

कापडाबद्दल थोडं सांगते कारण हल्ली नायलॉनवर फोटो छापलेले खूप मिळतात. परंपरेनं तुकडा लोकरीचा, विणकामाच्या सुयांवरचा नाही तर मागावर विणलेल्या कापडाचा, ब्राऊन किंवा काळा. चित्र असलंच पाहिजे असं नाही, दोरी कशाचीही चालते. माझी आई सीताबर्डीच्या एका शिंप्याकडून ब्राऊन ब्लेझरच्या कतरणी मागून आणायची, संध्याकाळी कूलरसमोर बसून चौकोन कापून कडा शिवायची, आणि जुलैत सणाच्या आधी घरातल्या सगळ्यांची जुनी दोरी बदलून द्यायची. एकही चित्र नसायचं त्याच्यावर. लहानपणी मला ते फार साधं वाटायचं, मैत्रिणींचे कसे रंगीत असायचे, आता तसंच एक माझ्या अंगावर आहे.

दोन ठेवावेत, एक धुतलं की दुसरं घालायला. थंड पाणी, साधा साबण, सावलीत वाळवायचं, नागपूरच्या उन्हात टाकलं तर कडक होऊन अजून टोचेल.

आता तुझा शेवटचा मुद्दा, आणि मला वाटते खरं अडलंय ते इथेच. आजीनं दिलं ही फार मोठी गोष्ट, पण स्कॅप्युलर वारशानं लागू होत नाही. पहिल्यांदा ते फादरच्या हातून घ्यायचं असते. कोणतेही फादर किंवा डीकन (फादरच्या खालच्या पायरीचे धर्मसेवक) देऊ शकतात, छोटी प्रार्थना होते, आशीर्वाद देतात, खांद्यावर घालतात, पाच-दहा मिनिटांचं काम आहे. आयुष्यात एकदाच. पुढे जुनं फाटून नवं घेतलं तर त्याला परत विधी लागत नाही, पहिला आशीर्वादच पुरतो. बऱ्याच जणांना फर्स्ट कम्युनियनच्या (लहानपणी पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेण्याच्या) वेळीच दिलेलं असते, म्हणून आधी आईला विचार, नसेल आठवत तर रविवारी चर्चमधली मिस्सा, म्हणजे उपासना, झाल्यावर फादरना सांग की मला आजीचंच स्कॅप्युलर घालून द्या. १६ जुलैला कार्मेल मातेचा, म्हणजे मरिया मातेचाच, सण असतो, तेव्हा बरेच जण घेतात, पण तेवढं थांबायची गरज नाही.

आणि घातल्यावर? पोप पायस १२वे यांनी ११ फेब्रुवारी १९५० च्या पत्रात याच स्कॅप्युलरबद्दल बजावलं होतं की हे घालणाऱ्यांनी आळशी आणि बेफिकीर राहून तारण मिळेल असं समजू नये. म्हणून रोजची प्रार्थना, जमेल तशी रोझरी (जपमाळ), कन्फेशन (फादरसमोर पापांची कबुली), घरात नीट बोलणं, हे त्याच्यासोबतच आलं. बाईकवर सिग्नलला थांबलास की दोरीला हात लावून एक हेल मेरी, म्हणजे मरियेची छोटी प्रार्थना, म्हण, माझ्या भाच्याला ही सवय लागली आहे.

प्रश्न : लॉकेटवालं स्कॅप्युलर चालते का? उन्हाळ्यात कापड घालणं होतच नाही. (एक बहीण, मोहन नगर)

उत्तर : चालते, त्या लॉकेटला मेडल म्हणतात. १६ डिसेंबर १९१० ला पोप पायस १०वे यांच्या काळात तशी परवानगी मिळाली. पण पहिल्यांदा कापडाचंच घ्यावं लागते, मेडल त्यानंतर. मेडलच्या एका बाजूला पवित्र हृदय दाखवणारे येशू आणि दुसऱ्या बाजूला मरिया माता असलीच पाहिजे, आणि प्रत्येक नवीन मेडलला फादरचा आशीर्वाद घ्यावा लागते, इथे कापडासारखं पहिल्याचं पुढे चालत नाही. आमच्याकडे पारा ४५ च्या वर जाते तेव्हा मेडल घालण्यात कमीपणा काही नाही. मला स्वतःला मात्र कापडच आवडते, कारण ते मळते, धुवावं लागते, त्याची आठवण ठेवावी लागते. पाऊस सुरू झाला की परत कापडावर या.

प्रश्न : माझी मैत्रीण ख्रिश्चन नाही, तिची आई आजारी आहे, ती माझं स्कॅप्युलर मागून राहिली. देऊ का?

उत्तर : ब्राऊन स्कॅप्युलर बाप्तिस्मा झालेल्या माणसानं विधीनं घ्यायचं आहे, ते नका देऊ. तिला हिरवं द्या. ते १८४० पासूनचं, पॅरिसच्या सिस्टर जस्टिन बिस्केब्युरू यांना झालेल्या दर्शनावरून आलेलं, एकाच दोरीला एकच तुकडा. त्याला विधी नाही, फक्त फादरचा आशीर्वाद. घालायचं किंवा उशीजवळ ठेवायचं, आणि त्याच्यावरची मरियेच्या निष्कलंक हृदयाला केलेली एका ओळीची विनंती रोज म्हणायची. मैत्रिणीच्या आईला म्हणता येत नसेल तर देणाऱ्यानं म्हणायची, म्हणजे तुम्ही. तेवढं रोज निभावणार असाल तरच द्या, आणि तिला आधी सगळं समजावून, तिच्या मनानं हो म्हटल्यावर द्या. औषधं बंद करू नका हेही सांगा.

प्रश्न : फाटलेलं स्कॅप्युलर कुठे टाकायचं?

उत्तर : कचऱ्यात नाही. आशीर्वाद दिलेली वस्तू आहे, एक तर जाळून राख मातीत मिसळायची किंवा तसंच पुरायचं. फ्लॅटमध्ये राहत असाल तर मोठ्या कुंडीत पुरलं तरी चालते. आमच्या अंगणात मोगऱ्याखाली आईची तीन आहेत. फक्त पाय पडणार नाही अशी जागा बघा.