रानात अडकल्यावर मासे कसे धरावेत? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : सह्याद्रीत वाट चुकलो आणि शिधा संपला, तर ओढ्यातल्या माशांवर तग धरता येईल काय?

येईल, मात्र ती पाळी बरीच उशिरा येते. निरोगी माणूस अन्नावाचून काही आठवडे जगू शकतो, पण पाण्यावाचून तीन-चार दिवसांतच जीव धोक्यात येतो. म्हणून आडोसा, उकळलेले पाणी, 112 या क्रमांकावर संपर्काचा प्रयत्न आणि शोधपथकाला दिसेल अशी खूण, एवढे झाल्यावरच माशांकडे वळावे. मांस पचवण्यासाठी शरीराला पाणी अधिक लागते. ते तुटपुंजे असेल तर हाती आलेला मासाही खाऊ नये.

प्रश्न : गळ आणि जाळे नसताना मासे कशाने धरावेत?

सेफ्टी पिन वाकवली की गळ तयार होतो. तीही नसेल तर दोन-तीन सेंटिमीटरची बांबूची काडी दोन्ही टोकांना तासावी, मधोमध दोरा बांधावा आणि ती गांडुळात लांबीने लपवावी. माशाने ती गिळल्यावर दोरा ताणला की काडी घशात आडवी होते. दोऱ्यासाठी जाड नायलॉन दोरीचे आतले धागे उपयोगी पडतात. असे गळ संध्याकाळी लवचीक फांद्यांना बांधून रात्रभर पाण्यात सोडावेत, कारण हातात दोरा धरून तासन्‌तास बसण्यात मिळणाऱ्या अन्नापेक्षा शक्तीच जास्त खर्च होते.

याच कारणासाठी मी सापळ्याला अधिक पसंती देतो. प्लॅस्टिकच्या बाटलीचा वरचा भाग कापून उलटा आत बसवावा, बाजूंना भोके पाडावीत आणि आमिष व दगड घालून ती कडेच्या संथ पाण्यात ठेवावी. मासे बोटाएवढेच मिळतात, पण मिळतात. कोकणात पहिल्या पावसात चढणीचे मासे ओढ्यांतून वर सरकतात, तेव्हा गावकरी अरुंद धारेत बांबूचे सापळे लावतात. घोट्याएवढ्या पाण्यात दगडांच्या दोन तिरप्या रांगा रचून, रुंद तोंड प्रवाहाच्या खालच्या अंगाला व अरुंद तोंड उथळ डबक्यात उघडेल असे ठेवले, तर हेच तत्त्व वापरता येते. मात्र पाणी एकाएकी गढूळ झाले किंवा पालापाचोळा वाहून येऊ लागला, तर सापळा तिथेच सोडून तत्काळ उंचावर जावे. चिपळूणच्या वाशिष्ठीसारख्या मगरी असलेल्या नदीत तर उतरूच नये.

प्रश्न : गेळ किंवा रामेठा या विषारी रानझाडांचे भाग पाण्यात टाकून मासे गुंगवावेत काय?

मुळीच नाही. त्या डोहातली लहान पिल्लेही मरतात आणि बहुधा तेच तुमचे पिण्याचे पाणी असते. गेळफळ वांतिकारक आहे. अशा वेळी उलट्या होऊन शरीरातले पाणी जाणे फार घातक ठरते.

प्रश्न : आग पेटत नसेल तर कच्चे खाल्ले तर चालेल काय?

गोड्या पाण्यातले मासे आणि खेकडे कच्चे खाऊ नयेत, कारण त्यांत परजीवी असू शकतात. अर्धकच्च्या खेकड्यातून फुप्फुसांत शिरणाऱ्या कृमींमुळे रक्ताचा खोकला होतो आणि तो क्षयरोग समजून भलतेच उपचार सुरू होतात. भांडे नसेल तर मासा केळीच्या किंवा चवईच्या (रानकेळीच्या) पानात गुंडाळून, वर चिखल लिंपून निखाऱ्यात पुरावा आणि मांस काट्यापासून सहज सुटेपर्यंत भाजावा. शिंगी माशाचा विषारी काटा टोचल्यास तो भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवल्याने वेदना कमी होतात. समुद्रकिनारी अडकला असाल तर केंड मासा (पफर फिश) टाळावा. त्याचे विष शिजवूनही जात नाही.