मुक्कामी गाडी आणि रात्रीची बैठक

‘मुलगा चांगले कमावतो, पण एका जागी टिकत नाही, त्याचे पुढे कसे होणार?’ हा प्रश्न घेऊन करोनानंतर माझ्याकडे समुपदेशनासाठी बरेच पालक आले. त्यांपैकी एका कुटुंबाविषयी, ओळख पटेल असे तपशील बदलून, लिहीत आहे.

वडील एस.टी.तून निवृत्त झालेले वाहक, मुलगा 31 वर्षांचा वेब डेव्हलपर. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील एका कंपनीची संकेतस्थळे तो सांभाळत असे आणि आठ महिन्यांत गोकर्ण, पणजी, मनाली करत आता हिमाचलातील बीरला पोहोचला होता. वडिलांची तक्रार नेमकी होती. “मॅडम, नोकरी असलेला माणूस सकाळी दहाला झोपलेला असतो का?”

दुसऱ्या भेटीत मुलगा व्हिडिओ कॉलवर आला. मी त्याला आदल्या दिवसाचे तास सांगायला लावले. जानेवारी होता, तिकडचे सकाळचे नऊ म्हणजे आपले सायंकाळचे साडेसात. तेव्हाच्या बैठकीने सुरू झालेले त्याचे काम पहाटे तीनला संपले होते. मार्चमध्ये तिकडची घड्याळे तासभर पुढे सरकली, की हीच बैठक साडेसहावर येणार होती. वडील बराच वेळ गप्प राहून म्हणाले, “म्हणजे ही रात्रपाळीच की रे.”

मग मी काकांना त्यांच्या नोकरीविषयी विचारले. मुक्कामी गाडी घेऊन ते आडगावी जात, गाडीतच सतरंजी टाकून झोपत आणि पहाटेच्या पहिल्या फेरीला परत निघत. महिन्यातल्या कितीतरी रात्री ते घराबाहेर असत; परंतु ड्युटीचा कागद स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरला टाचलेला असल्यामुळे त्यांना घरात कोणी भटक्या म्हटले नाही.

प्रवास हा येथे दोष नव्हता, असे माझे मत झाले. मात्र मुलाची बाजूही तितकीशी स्वच्छ नव्हती. एकट्याने बोलताना त्याने सांगितले, की नवी साइट लाइव्ह करताना बीरला वीज गेली, मोबाइलचे हॉटस्पॉटही चालेना आणि क्लायंटची बोलणी खावी लागली. त्या दिवशी त्याने घरी धौलाधार डोंगररांगेचा फोटो पाठवून ‘मजेत आहे’ असे कळवले होते. आम्ही त्याच्या मुक्कामांच्या तारखा समोर ठेवल्या, तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली : घरून स्थळाविषयी फोन आला, की आठवड्याभरात त्याचे बिऱ्हाड हलत असे. डोंगरांची ओढ खरी होती, पण प्रत्येक तिकीट त्या ओढीने काढलेले नव्हते. हे त्याला माझ्याआधी उमगले आणि तो ओशाळून हसला.

दर रविवारी आठवड्याचे वेळापत्रक घरी पाठवायचे, त्यात अडचणीही लिहायच्या आणि तीन महिने मुक्काम बदलायचा नाही, असे ठरले. काकांनी दुपारी तीननंतर फोन करायचे कबूल केले.

स्थळांचा विषय अजून सुटलेला नाही. पण महिन्याभराने काकू सांगत होत्या, की वेळापत्रक आता कॅलेंडरला टाचलेले असते आणि बीरला पुन्हा वीज गेल्याचे कळताच काकांनी पहिला प्रश्न केला, “बदली गाडीची सोय केली आहेस ना?”