जुनं विमान उडवावं की उभं ठेवावं?

प्रश्न : काका, आमच्या शाळेतल्या मुलांनी मोबाईलवर अमेरिकेतल्या डॅलसच्या एअर शोचा व्हिडिओ पाहिला. दुसऱ्या महायुद्धातली दोन विमानं हवेत आदळली, सहा माणसं गेली. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, इतकी जुनी विमानं उडवतातच कशाला?" मला नीट सांगता आलं नाही. इकडे शाळेपुढे एखादं निवृत्त लढाऊ विमान आणून ठेवावं, असंही गावात चाललं आहे. तेच बरं नाही का?
— एक शिक्षिका, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : ताई, उडवावीत. पण सगळी नाहीत, आणि कशीही नाहीत.

मी वायुसेनेत एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची देखभाल करणारा, होतो. भरती झालो तेव्हा डाकोटा हे महायुद्धाच्या काळातलं वाहतूक विमान अजून सेवेत होतं, हाताखालून गेलं आहे. म्हणून तुमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न मला जवळचा वाटतो.

डॅलसची घटना १२ नोव्हेंबर २०२२ ची. एक बी-१७ बॉम्बर, दुसरं पी-६३ लढाऊ विमान. चौकशीत निघालं ते असं, की कोणतं विमान किती उंचीवर राहील हे आधी ठरवलंच नव्हतं. रेडिओवर ऐनवेळी सूचना, बाकी एकमेकांना बघून सांभाळा, यावर सारी भिस्त. विमानं कोरी असती तरी तेच झालं असतं. इंग्लंडमध्ये शोरहॅमला २०१५ साली जुनं हंटर जेट लूप (उभी गिरकी) मारताना हमरस्त्यावर कोसळलं आणि अकरा जण गेले. ते सगळे रस्त्यावरचे होते. त्यानंतर तिथे जुन्या जेटना जमिनीच्या भागावरून उडताना अशा कसरती बंद केल्या, सरळ उडत जाण्याचीच मुभा ठेवली. योग्य केलं.

मला झोंबते ती २०१९ ची, अमेरिकेतल्याच कनेक्टिकटची दुर्घटना. तिकडे बी-१७ मध्ये पैसे घेऊन प्रवासी बसवत. इंजिनांनी दगा दिला, सात जण गेले. मॅग्नेटो (प्लगला ठिणगीची वीज पुरवणारं यंत्र) आणि स्पार्क प्लगची देखभालच धड झालेली नव्हती. हे आम्हा जमिनीवरच्या माणसांचं काम. तिथे कुचराई झाली की वैमानिक काय करणार? जुन्या विमानात फक्त चालवणारे बसावेत. हौशी प्रवासी एकही नको.

मग उडवायचं कशाला? डाकोटाचं इंजिन चौदा सिलेंडरचं, गोलाकार. उभं राहिलं की खालच्या सिलेंडरांत तेल उतरतं. तसाच स्टार्टर मारला तर पिस्टन त्या तेलावर अडून कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून आधी पंखा हाताने फिरवायचा, एकेक पातं मोजत. मध्येच अडला तर जोर लावायचा नाही. खालचे प्लग काढून तेल वाहू द्यायचं. कुठवर नेहमीचा जडपणा आणि कुठून धोका, हे तळहाताला कळतं, आणि ते शिकवायला चालतं इंजिन लागतं. विमानं कायमची थांबली की दहा-वीस वर्षांत हे जाणणारा माणूस उरणार नाही. तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल पोरांना फार आवडतो, पण त्याच्यामागे तास धरायला कोणी शिकत नाही.

आपल्या वायुसेनेकडे २०१८ पासून उडतं डाकोटा आहे, नाव परशुराम, क्रमांक व्हीपी ९०५. २७ ऑक्टोबर १९४७ ला शीख रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनचे जवान घेऊन श्रीनगरला उतरलेल्या डाकोटाचा हा क्रमांक. विमान तेच नव्हे, त्याच जातीचं. तरी ते डोक्यावरून जाताना मुलांना ती सकाळ सांगून बघा. आणि नागपूरचं तर याच्याशी वेगळं नातं. १९४९ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रासहून टपालाची विमानं रोज रात्री नागपूरला जमत आणि थैल्या बदलून परतत. सुरुवातीला ती डाकोटाच होती. तुमच्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, कोणाला तरी तो आवाज आठवत असेल.

आता लढाऊ जेट. मिग-२१ सप्टेंबर २०२५ मध्ये निवृत्त झालं, त्याच्यावर माझा फार जीव. तरी ते शोसाठी उडवू नये. एकच इंजिन, उतरतानाचा वेग प्रचंड, वैमानिकाला संकटात बाहेर फेकणाऱ्या इजेक्शन सीटच्या काडतुसांना मुदत, सुटे भाग संपत जाणार. वैमानिकाचा जीव टाळ्यांसाठी नाही. ज्या जातीचं जगात एखादंच विमान शिल्लक आहे, तेही जमिनीवरच राहू द्या.

तेव्हा शाळेपुढे मिग मिळत असेल तर जरूर आणा, पण जबाबदारी घेऊन. आपल्याकडे बसवलेली विमानं उन्हाने नाही, साचलेल्या पाण्याने सडतात. पोटाखाली निचऱ्याची बारीक छिद्रं असतात, ती पावसाळ्याआधी तारेने मोकळी करा. रंगवणारा ती हमखास बुजवून टाकतो. पुढच्या हवेच्या तोंडाला जाळी लावा, नाहीतर पारवे शिरतील आणि त्यांच्या विष्ठेने पत्रा खाल्ला जाईल. टायरवर भार ठेवू नका, लोखंडी स्टँड करून घ्या. वर्षातून दोनदा साध्या पाण्याने धुवायचं काम आठवी-नववीच्या मुलांकडे द्या, आणि तो प्रश्न विचारणाऱ्या मुलीला त्यांची प्रमुख करा.