ॲसिड मारू देऊ नका

प्रश्न : ताई, आमच्या घरात दोन कुत्री आहेत, एक लॅब्रेडॉर आणि एक गावठी. हॉलमध्ये क्रीम रंगाच्या व्हिट्रिफाइड टाईल्स आहेत, सांधे व्हाइट सिमेंटने भरलेले. त्यांच्या पाण्याच्या भांड्याजवळ आणि बाल्कनीच्या दारापाशी सांधे काळे पडलेत, काही ठिकाणी भुगा निघतो. पावसाळ्यात वास येतो. मिस्त्री म्हणतो, ॲसिड मारून वरून पुन्हा व्हाइट सिमेंट ओढून देतो. करून घ्यावं का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नाही. ॲसिड तर अजिबात नको. सिमेंट ॲसिडमध्ये विरघळतं. फरशी दोन दिवस पांढरीशुभ्र दिसेल, पण सांध्यांचा वरचा थर खाल्ला जाईल आणि त्यातली छिद्रं आणखी उघडी पडतील. पुढच्या वेळी लघवी, पाणी, सांडलेलं दूध, सगळं अधिक खोल मुरेल. संडास साफ करायचं लिक्विड फरशीवर ओतणं म्हणजेही हेच. त्यातही ॲसिडच असतं. साइटवर मी हे वारंवार पाहिलं आहे, आणि दोष मात्र बिचाऱ्या कुत्र्यांवर येतो.

कुत्र्यांच्या नखांनी चांगला भरलेला सांधा सहसा उखडत नाही. तो आधी भिजून कमजोर होतो, मग पंजांना चिकटून आलेली रेती त्याला घासते. तुमच्याकडे भांड्याजवळ तो कायम ओला राहतो. बाल्कनीच्या दारापाशी बहुधा दुसरं कारणही आहे. तिथे ऊन थेट पडतं, टाईल्स तापून किंचित फुगतात, आणि मधे जागाच नसेल तर सांधा चिरडतो. आपल्याकडे टाईल टाईलला चिकटवून बसवायची हौस फार. किमान २ मिलिमीटर फट हवीच, स्पेसर (फट सारखी राखणारे प्लास्टिकचे तुकडे) लावून. आधी त्या टाईल्सवर नाणं वाजवून पाहा. पोकळ आवाज आला तर टाईल खालून सुटली आहे, ती काढून पुन्हा बसवावी लागेल. नुसते सांधे भरून काही होणार नाही.

टाईल्स पक्क्या असतील तर त्या दोन जागांपुरतं एपॉक्सी ग्राउट, म्हणजे सांध्यांत भरायचा रेझिनचा मसाला, करून घ्या. पूर्ण हॉलचा खर्च करायची गरज नाही. एपॉक्सी पाणी पीत नाही, त्यामुळे लघवी आत मुरत नाही आणि वास धरत नाही. पण जुन्या सिमेंटवर पातळ थर ओढून चालत नाही, तो पापुद्र्यासारखा निघतो. जुना सांधा टाईलच्या जाडीच्या निदान दोन तृतीयांश खोल खरवडून काढायचा, धूळ व्हॅक्यूमने ओढायची आणि फट कोरडी होऊ द्यायची. म्हणून हे काम पावसाळ्यात नको, दिवाळीनंतर काढा. फट अगदी केसाएवढी असेल तर मशीनने टाईलची कड उडते. तिथे हाताने, सावकाश.

मिस्त्री एपॉक्सीच्या कामात सरावलेला हवा. रेझिन आणि हार्डनर एकत्र केल्यावर ते साधारण अर्ध्या-पाऊण तासात घट्ट व्हायला लागतं. एकदम मोठा घाणा मिसळला तर अर्धा वाया जातो, आणि टाईलवर राहिलेला चिकट थर वाळला की निघता निघत नाही. थोडं भरा, लगेच ओल्या स्पंजने पुसा. बाल्कनीपाशी राखाडी शेड घ्या, उन्हात फिकट एपॉक्सी पिवळं पडतं. भिंत आणि फरशी भेटतात त्या कडेला कडक ग्राउट न भरता सिलिकॉन सीलंट लावा.

कुत्र्यांना चोवीस तास तिथे फिरकू देऊ नका. ओलं रेझिन पंजाला लागलं की ती चाटतात, आणि ते त्यांना बाधतं. एपॉक्सीला पूर्ण ताकद यायला आठवडाभर जातो. तोवर फक्त साध्या पाण्याने पुसा.

उरलेल्या हॉलचे सांधे स्वच्छ धुऊन, पूर्ण वाळवून त्यावर ग्राउट सीलर, म्हणजे पाणी मुरू न देणारा द्रव, लावा. नंतर अधूनमधून सांध्यावर पाण्याचा थेंब टाकून बघा. थेंब तसाच राहिला तर सीलर शाबूत आहे, मुरून डाग गडद झाला तर पुन्हा हात द्यायची वेळ आली.

रोजचं म्हणाल तर लघवी दिसताक्षणी टिपून घ्या, पुसून पसरवू नका. मग एन्झाइमचं क्लीनर ओता आणि बाटलीवर लिहिलंय तितका वेळ ओलं राहू द्या. वासाचं मूळ तेच तोडतं. अमोनियाचं क्लीनर वापरलं तर कुत्र्याला ते लघवीसारखंच वाटतं आणि ते पुन्हा तिथेच जातं. लघवीवर ब्लीच तर कधीच नको, त्यातून घशाला, छातीला त्रास देणारा वायू निघतो. ब्लीच आणि ॲसिड एकत्र आलं तर क्लोरीन सुटतो. भांड्याखाली कड असलेला रबरी ट्रे ठेवा, एवढ्यानेच तुमचा अर्धा त्रास कमी होईल.

प्रश्न : फुटलेल्या सांध्यांत गोचिडी राहतात का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : हो. कुत्र्यांवरची तपकिरी गोचीड बराचसा काळ कुत्र्याच्या अंगाबाहेर काढते, आणि मादी हजारो अंडी फटीत, स्कर्टिंगच्या मागे, भिंतीच्या भेगेत घालते. सांधे भरले की लपायची जागा कमी होते, पण कुत्र्याला औषध दिल्याशिवाय गोचीड जात नाही. ते जनावरांच्या डॉक्टरांना विचारूनच द्या. घरात मांजर असेल तर त्यांना आधी सांगा, कारण कुत्र्यांच्या काही औषधांतलं परमेथ्रिन मांजराच्या जिवावर बेततं.