बयाणा माणसाचा : 'तस्करी', 'अपव्यापार' आणि 'वेठबिगार'

श्रीवर्धनहून एका शिक्षिकाबाईंनी विचारले आहे : ३० जुलैला माणसांच्या व्यापाराविरुद्धचा जागतिक दिवस असतो, त्यासाठी शाळेत फलक करायचा आहे. त्यावर 'मानवी तस्करी' लिहावे की 'मानवी व्यापार'? आणि 'वेठबिगार' मुलांना फार जुनाट वाटेल का?

बाई, तुमच्या किनाऱ्यावर 'तस्करी' म्हटले की डोळ्यांपुढे काय येते? काळोखी रात्र, दिवा मालवलेली होडी, वाळूवर उतरणारा माल. पूर्वी सोने आणि घड्याळे, १९९३ साली तर तुमच्याच तालुक्यात शेखाडीला स्फोटके. तस्कर म्हणजे मुळात चोर. त्यामुळे 'मानवी तस्करी' वाचणारे मूल सीमा शोधते, रात्र शोधते, लपवाछपवी शोधते. संयुक्त राष्ट्रांनी २००० साली या दोन गोष्टींसाठी दोन वेगळे करार केले, एक माणसांच्या व्यापाराबद्दल आणि दुसरा स्थलांतरितांना चोरून सीमेपार नेण्याबद्दल. 'तस्करी' खरे तर दुसऱ्याला शोभते. पहिल्यात सीमा ओलांडावीच लागते असे नाही. या वाडीवरून त्या भट्टीवर नेले, तरी पुरे.

राज्यघटनेच्या तेविसाव्या अनुच्छेदाच्या मराठी पाठात 'माणसांचा अपव्यापार' असा शब्द आहे. अर्थ नेमका, पण बोलताना कोणी वापरणार नाही. 'व्यापार'ला 'अप' लावून तो वाईट आहे हे सांगावे लागते, इथेच शब्द थोडा लंगडा पडतो. गंमत म्हणजे त्याच अनुच्छेदाच्या इंग्रजी मजकुरात 'बेगार' हा आपल्याकडचा शब्द तसाच ठेवला आहे. घटनाकारांना त्याला इंग्रजी जोड सापडली नसावी.

म्हणून 'वेठबिगार' मला जुनाट वाटत नाही. 'वेठ' आली संस्कृत 'विष्टि'वरून, म्हणजे सक्तीने करून घेतलेले काम. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ती आहे, आणि वाकाटकांच्या ताम्रपटांत गाव दान देताना विष्टी माफ केल्याचे लिहिलेले सापडते. 'बिगार' फारसी, अर्थ तोच, मोल न देता घेतलेली मेहनत. बाजारहाट, धनदौलत, कागदपत्र यांच्यासारखीच ही जोडी : एकाच गोष्टीची दोन घरांतली नावे. पुढे दोन्ही शब्दांची धार गेली. नाक्यावरचा बिगारी आज रोजावर जातो, आणि 'वेठीस धरणे' तर संपाच्या बातमीतच उरले आहे. खोतीच्या काळात कुळांना ते तसे वाक्प्रचारात भेटत नव्हते. खोताच्या शेतावर फुकट राबणे हीच वेठ होती.

उत्तर कोकणात याहून बोलका शब्द होता : लग्नगडी. डहाणू-उंबरगावकडचा वारली लग्नासाठी सावकाराकडून पैसे घेई आणि ते फेडायला नवरा-बायको दोघे त्याच्याकडे राबत, पुष्कळदा जन्मभर. लग्न झाले की गडी झाला! १९४५ साली गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारली उठले, तेव्हा वेठ आणि लग्नगडी बंद करा हीच मागणी पुढे होती.

आता लग्नगडी कोणी म्हणत नाही. त्याच्या जागी 'बयाणा' आणि 'उचल' आहे. दिवाळी सरली की कातकरी वाड्या ओस पडतात. माणसे वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर निघतात, दिवसाढवळ्या, टेम्पोत, भांडीकुंडी आणि कोंबड्यांसकट. पावसाळ्यात शेठकडून घेतलेला बयाणा असतो, वर आठवड्याची खर्ची, आणि हिशेब शेठच्या वहीत. बयाणा खरे तर सौदा पक्का करताना द्यायची रक्कम, जमिनीला किंवा बैलाला. तो माणसाला लागला यातच सारे आले. (हा शब्द पहिल्यांदा या अर्थाने कानावर पडला तेव्हा मला वाटले, कोणाची जागा विकली जाते आहे.)

मात्र सगळी उचल म्हणजे गुलामी, असे फलकावर लिहू नका. बंदरावरचे खलाशीही हंगामाआधी उचल घेतात. खूण अशी : त्या पैशापायी काम सोडता येत नाही, दुसरीकडे जाता येत नाही, किंवा बाजारभावाने मजुरी मागता येत नाही. १९७६च्या वेठबिगार निर्मूलनाच्या कायद्याने अशा कर्जाची फेड करण्याची जबाबदारीच संपवली आहे, आणि ते वेठबिगारीचे कर्ज नव्हते हे शाबीत करणे मालकाच्या अंगावर टाकले आहे. वसईच्या विवेक आणि विद्युल्लता पंडितांनी याच कायद्याच्या जोरावर ठाणे जिल्ह्यात माणसे सोडवली. १९९९ साली त्यांना गुलामीविरोधी पुरस्कार मिळाला. 'पण तो आपणहून गेला होता' ही सबबही चालत नाही : भारतीय न्याय संहितेच्या माणसांच्या व्यापाराबद्दलच्या १४३व्या कलमात संमती गैरलागू आहे.

तेव्हा मथळा 'माणसांचा व्यापार आणि वेठबिगार' असा करा. 'मानवी'पेक्षा 'माणसांचा' बरा, कारण मानवी चूकही असते आणि मानवी साखळीही. खाली मोठ्या अक्षरांत : 'बयाणा फिटला नाही म्हणून कोणी अडवून ठेवले असेल, तर ते कर्ज कायद्याने संपले आहे. तहसीलदारांना कळवा, ११२ लावा. मूल असेल तर १०९८.' आणि 'वेठबिगार' सलग लिहा, मध्ये जागा सोडू नका.