आबा आधी मंगेशीला का थांबतात

प्रिय मनू,

काल फोनवर तू विचारलंस, "आई, आबा आयुष्यभर गोव्यात राहिले, तरी सारखं गोवाच काय फिरतात? आणि कुठंही निघालो तरी आधी मंगेशीला का?" मागून आजी खुसखुसत होती, म्हणून मी विषय बदलला. आज रॉटरडॅमला पाऊस लागलाय आणि सुट्टी आहे, तेव्हा लिहिते.

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. आबांना घरात बसवत नाही. शाळेत मास्तर होते तेव्हाही सुट्टी लागली की दुसऱ्या दिवशी पहाटे ते फोंड्याच्या स्टँडवर, आम्ही भावंडं झोपेत त्यांच्या मागे. पुढे बस कुठली मिळेल त्यावर गाव ठरायचं.

मंगेशीचं जरा लांबण आहे. मंगेश आपलं कुलदैवत, पण तो मूळचा तिथला नव्हे. त्याचं देऊळ झुआरीपलीकडे कुशस्थळीला होतं. पोर्तुगीज देवळं पाडायला लागले तेव्हा, 1560 साली, लोक त्याला नदी ओलांडून प्रियोळला, म्हणजे आताच्या मंगेशीला, घेऊन आले, कारण इकडे त्यांचं राज्य नव्हतं. शांतादुर्गा केळोशीहून कवळ्याला आली, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला. आबा म्हणतात, "देवालाच सामान बांधून निघावं लागलं, त्याला प्रवासातलं कळतं. त्याला सांगून निघावं." कुळ्याला जायचं असलं तरी आधी उलट्या दिशेला मंगेशी! पेट्रोलचा हिशेब मांडायला जाऊ नकोस, मी मांडून पाहिलाय.

1986 च्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पंढरपूरला गेलो. तेव्हा कोकण रेल्वे नव्हती. कुळ्याहून मीटरगेजची गाडी घाट चढायची. दूधसागर आला की अख्खा डबा एका बाजूला. तुषार खिडकीतून आत येत होते आणि आजी ओरडत होती, "पुऱ्या झाका, पुऱ्या झाका!" मिरजेला गाडी बदलायची. तिथं तेव्हा तीन मापांचे रूळ होते, ब्रॉडगेज, मीटरगेज आणि पंढरपूरकडे जाणारी चिमुकली नॅरोगेज. आबा मला रूळांमधलं अंतर पावलांनी मोजून दाखवत बसले आणि त्या नादात तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा बाकावर राहिला. पितळी, आजीच्या माहेरचा. नॅरोगेज सुटल्यावर लक्षात आलं. आजी सांगोल्यापर्यंत बोलली नाही. शेवटी समोरच्या बाकावरच्या बाईंनी न विचारताच भाकरी आणि ठेचा आमच्या हातावर ठेवला. ठेचा असा की माझ्या डोळ्यांतून पाणी, आणि आबा विचारतात कसे, "का गं, विठोबा आठवला वाटतं?" विठोबाचं दर्शन मला फारसं आठवत नाही. तो ठेचा आठवतो.

आपण हॉटेलात का उतरत नाही, हेही तू मागे विचारलं होतंस. तेव्हा परवडत नव्हतं, हे खरं कारण. देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे भक्तांना उतरायच्या खोल्यांत, नाहीतर कुणा नातेवाइकांकडे उतरायचं, विहिरीवर आंघोळ, पंगतीत जेवण. आता परवडतं, पण आबांना खोलीत फोन करून चहा मागवणं जमत नाही. त्यांना चहा करणाऱ्या माणसाचं गाव विचारायचं असतं.

आणि हो, निघताना आजी "जाते" म्हणू देत नाही, त्याचा राग धरू नकोस. आपल्यात "येते" म्हणूनच उंबरा ओलांडायचा. मी विमानतळावर "जाते गं" म्हणून गेले, ते अजून ऐकवते ती.

येत्या रविवारी आबा तुला नार्व्याला नेणार आहेत. जुन्या गोव्याहून फेरीबोटीने दिवाडीला, बेट पार करून पुन्हा फेरीबोट. चालत चढणाऱ्याला तिकीट नसतं, तेव्हा तिकीट विचारून हसं करून घेऊ नकोस. नार्व्याचा सप्तकोटेश्वरही मूळचा दिवाडीचाच, तोही नदी ओलांडून गेलेला. त्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी 1668 साली करवला. दारावरचा शिलालेख आबा बोट ठेवून वाचून दाखवतील. मलाही दाखवला होता, तेव्हा माझं सगळं लक्ष धक्क्यावरच्या भजीवाल्याकडे होतं. तू तरी नीट बघ, आणि मला फोटो पाठव.

डबा मात्र तूच सांभाळ. आबांच्या हातात देऊ नकोस.

तुझी आई